यादीत नाव, तरच मत

विद्यार्थी मित्रांनो, हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या शहरांचा कारभार नगरपरिषद पाहते. नळाचे पाणी, गटारे, रस्त्यांवरचे दिवे ही तिची कामे. तिचे नगरसेवक आपण मत देऊन निवडतो.

नगरपरिषदेसाठी वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेचीच मतदार यादी प्रभागांनुसार विभागली जाते. म्हणून वयाची १८ वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरून त्या यादीत नाव नोंदवावे. १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

निवडणुकीपूर्वी प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध होते. आपले नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेले असेल, तर मुदतीत हरकत घ्यावी. नुसते ओळखपत्र पुरत नाही; यादीत नाव नसेल, तर मतदान करता येत नाही.

ही यादी मराठीत असते. तुमच्या दादीला किंवा अम्मीला मराठी वाचता येत नसेल, तर तुम्ही ती वाचून दाखवा. एकाच नावाची अनेक माणसे असतात. म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि घर क्रमांकही पाहा. मत देण्यास तुम्हांला अजून अवकाश आहे. हे काम मात्र तुम्ही आजही करू शकता.