गाळ्याचे खरे भाडे किती पडते?

गाळा बघायला गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "भाडे किती?" दलाल सांगतो, "पंधरा हजार." मग आपण ते चौदावर येते का, यासाठी घासाघीस करतो. पण तुमच्या बचतीला खरा धोका या आकड्याचा नसतो. तो कराराच्या मधल्या पानांत असतो, आणि ती पाने बहुतेक जण सही करताना नुसती उलटतात.

समजा, शिवणकामाचे दुकान टाकायला तुम्ही ४ लाख रुपये साठवले आहेत. गाळ्याचे भाडे १५,०००, करार तीन वर्षांचा, अनामत सहा महिन्यांची म्हणजे ९०,०००. दलाली एका महिन्याची, १५,०००. वायरिंग, रंग, पाटी, काउंटर यांना १,२०,०००. पहिल्या महिन्याचे भाडे धरले तर पहिला ग्राहक यायच्या आधीच २,४०,००० रुपये गेले. मशीन, कापड आणि घरखर्च यांसाठी उरले १,६०,०००.

आता महिन्याचा हिशेब करा. अनामत परत मिळते, पण तिच्यावरचे व्याज मिळत नाही. ७ टक्के धरले तर वर्षाला ६,३००, महिन्याला ५२५. फर्निचर आणि दलालीचे १,३५,००० तीन वर्षांत वाटले तर महिन्याला ३,७५०. म्हणजे गाळा १९,२७५ ला पडला. मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावर १८ टक्के, म्हणजे २,७०० आणखी. तुमची स्वतःची नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, तर हा कर वळता करून मिळत नाही. पंधरा हजारांचा गाळा बावीस हजारांच्या घरात गेला. (मालकाची नोंदणी नाही आणि तुमची नेहमीची नोंदणी आहे, अशा वेळी १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर तुम्हालाच थेट सरकारकडे भरावा लागतो. तो नंतर वळता करता येतो, पण आधी हातातून जातो.) दरवर्षी १० टक्के वाढ लिहिली असेल तर तिसऱ्या वर्षी मूळ भाडेच १८,१५० होते.

हे सगळे निदान आधी मोजता येते. खरी गोची 'लॉक-इन'ची असते. लॉक-इन म्हणजे जेवढी मुदत लिहिली आहे तेवढ्या काळात गाळा सोडायचा नाही, आणि सोडलाच तर उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यायचे. वरच्या उदाहरणात लॉक-इन १८ महिन्यांचे आहे आणि धंदा बसला नाही म्हणून सहाव्या महिन्याअखेर तुम्ही शटर ओढले, असे धरा. उरलेल्या १२ महिन्यांचे भाडे, वाढीसह, १,८९,००० होते. मालक ९०,००० ची अनामत ठेवून घेईल आणि वर ९९,००० मागेल. न्यायालय त्याला त्यातले किती देईल हा पुढचा प्रश्न, पण तोवर अनामत त्याच्याच हातात असते.

म्हणून घासाघीस करायची ती इथे करा. भाडे हजाराने कमी करून घेतलेत तर तीन वर्षांत जेमतेम चाळीस हजार वाचतात. त्याऐवजी अशी अट मागा: मालकाने तीन वर्षे गाळा खाली करायला सांगायचा नाही, आणि तुम्ही मात्र सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडू शकाल. गाळा बरेच दिवस रिकामा पडला असेल तर मालक बहुधा ऐकतो.

अकरा महिन्यांच्या करारामागचे कारणही समजून घ्या. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती आणि तिचा खर्च टाळायला ही मुदत रूढ झाली. राहत्या घरासाठी ठीक. पण गाळ्याला सव्वा लाख लावल्यावर बाराव्या महिन्यात मालकाने भाडे दीडपट मागितले, तर तुम्ही फर्निचर उचलून जाणार कुठे? करार लेखी नसेलच आणि राज्याचा भाडेनियंत्रण कायदाही लागू नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे दुकानाचे भाडे महिनेमहाल समजले जाते आणि १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. इतर राज्यांत नियम निराळे आहेत, तेव्हा स्थानिक वकिलाला एकदा कागद दाखवा. त्याची फी एका महिन्याच्या भाड्याहून कमीच असते.

अनामत किती द्यायची, हे शहरागणिक बदलते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात दुकानासाठी सहा महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने तसा कायदा केला असेल तरच ती बंधनकारक. तरी बोलणी करताना हा आकडा पुढे ठेवायला हरकत नाही.

टोकन देण्यापूर्वी मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल मागा. त्यांवर दुसऱ्याच कुणाचे नाव असेल तर समोरचा माणूस स्वतःच भाडेकरू असू शकतो, आणि पोटभाडेकरूला मूळ मालक केव्हाही उठवायला निघू शकतो. जागा निवासी म्हणून नोंदलेली असेल तर दुकानाचे परवाने अडतात. जीएसटी नोंदणीलाही हीच कागदपत्रे लागतात, म्हणजे ती आज ना उद्या मागावीच लागणार.

ताबा घेताना भिंती, शटर, फरशी यांचे फोटो काढा आणि मीटरचे रीडिंग दोघांच्या सहीने लिहून ठेवा. अनामतीबद्दल करारात 'गाळा सोडल्यावर यथावकाश परत' असे असेल तर ते खोडून 'किल्ली देतेवेळी, त्याच दिवशी, बँक खात्यात' असे लिहून घ्या.