कुकी : संगणकानें जपलेला बिल्ला



नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत दर्शनास जातांना आपण जोडाघरांत पादत्राणें देतों, तेव्हां हातीं क्रमांकाचा एक बिल्ला मिळतो. परत आल्यावर तेथील सेवेकरी आपला चेहरा आठवीत बसत नाहीं. बिल्ला पाहतो आणि नेमका आपलाच जोड पुढें ठेवतो. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती कुकी म्हणजे असाच एक बिल्ला होय.

ब्राउझरमधून आपण एखाद्या संकेतस्थळाचें पान मागतों. तें मिळतें, आणि ओळख तेथेंच संपते. दुसरें पान मागावें, तों आपण पुन्हा अनोळखी! ही अडचण दूर करण्यासाठीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं १९९४ सालीं कुकीची युक्ति काढली. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच सालचें. तेव्हां दोघें समवयस्क म्हणावयाचीं. संकेतस्थळ एक लहानशी नोंद पाठवितें, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर दाखवितो. म्हणूनच संकेतशब्द पुन्हा पुन्हा द्यावा लागत नाहीं.

परंतु बिल्ला ज्याच्या हातीं, जोड त्याचा. लातुरास शिकावयास आलेला एखादा विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठीं नेट कॅफेंत बसतो आणि काम संपतांच नुसती खिडकी मिटून उठतो. बिल्ला तेथेंच राहतो. पुढचा मनुष्य तेंच संकेतस्थळ उघडतो, तों पहिल्याचें खातें त्याच्यासमोर उघडें असूं शकतें. संकेतशब्द कोणी चोरलेला नसतो. तरी महाविद्यालयांचा पसंतिक्रम बदलला जाऊन मुलाचें वर्ष वायां जाण्याचा धोका उरतोच.

दुसरा प्रकार परक्या कुकींचा. लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात. तेथील प्रत्येक दुकानांत एकाच जाहिरातवाल्याचा माणूस बसला असून आपल्या बिल्ल्याचा क्रमांक टिपून घेतो, अशी कल्पना करा. सायंकाळीं साऱ्या वह्या एकत्र केल्या कीं आपण कापड कोठें पाहिलें आणि औषध कोणतें विचारलें, हें सर्व त्यास कळेल. जाहिरातवाल्यांच्या कुकी हेंच करतात.

मग उपाय काय? ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें गोपनीयतेचें सदर असतें. तेथें परक्या कुकी अडवाव्यात. सफारी त्या आपण होऊन अडवितो. क्रोममध्यें मात्र हा निर्णय आपल्यालाच करावा लागतो. साऱ्याच कुकी बंद करूं नयेत. तसें केल्यास बँकेचें वा परीक्षेच्या अर्जाचें कामही अडेल. जुन्या कुकी अधूनमधून पुसाव्यात. त्यानंतर प्रत्येक ठिकाणीं नव्यानें प्रवेश करावा लागेल, एवढीच तोशीस. दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यास खाजगी खिडकी उघडावी, काम झाल्यावर खात्यांतून रीतसर बाहेर पडावें आणि खाजगी खिडक्या सर्व मिटाव्यात. मात्र ज्याच्या जोडणीवरून आपण इंटरनेट वापरतों त्याच्यापासून ही खिडकी कांहीं लपवीत नाहीं.

कांहीं संकेतस्थळें उघडतांच संमति मागतात, आणि आपण घाईनें होकार देतों. २०२३ सालच्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यानें असें तत्त्व घालून दिलें आहे कीं, संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंही सोपें असावें. तेव्हां होकारावर बोट ठेवण्यापूर्वीं नकाराचें बटन कोठें आहे तें पाहावें, आणि घरांतील मुलगा अर्ज भरून आला कीं, “अर्ज गेला का?” याबरोबरच “खातें बंद केलेंस ना?” हेंही त्यास विचारावें.