ऑनलाइन खरेदी आणि स्थानिक विक्रीकर : अमेरिकेतील नगरसंस्थांच्या उत्पन्नाचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विक्रीकर हा मध्यवर्ती शासनाचा कर नव्हे. राज्यपातळीवर तो ४५ राज्यांत आकारला जातो, आणि ३८ राज्यांत काउंट्या, नगरे इत्यादी स्थानिक संस्थांनाही त्याचा अधिकार आहे. ज्या गावच्या दुकानात माल विकला जाई, त्या गावच्या तिजोरीत कराचा स्थानिक हिस्सा पडे. ऑनलाइन खरेदीने दुकान आणि गाव यांचा हा संबंध तोडला. त्यातून दोन प्रश्न उद्भवले. पहिला, कर वसूल कोणी करावयाचा; आणि दुसरा, वसूल झालेला कर कोणत्या गावाचा मानावयाचा. या दोहोंची गल्लत करणे इष्ट नाही. कारण पहिला प्रश्न बहुतांशी सुटला असला तरी दुसरा अद्याप वादग्रस्त आहे.

पहिल्या प्रश्नाचे मूळ टपालाने माल मागविण्याच्या पद्धतीत आहे. राज्यात ज्या विक्रेत्याचे दुकान, कोठार वा नोकर नाहीत, त्याच्यावर करवसुलीची सक्ती करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली नॅशनल बेलास हेस खटल्यात दिला. १९९२ च्या क्विल खटल्यात आंतरराज्य व्यापाराच्या आधारावर ही प्रत्यक्ष अस्तित्वाची अट कायम राहिली. याचा अर्थ माल करमुक्त होता असा नव्हे. अशा खरेदीवर उपयोगकर भरण्याची जबाबदारी ग्राहकावर होतीच. तथापि घरोघरच्या खरेदीचा हिशेब तपासणे अशक्यप्राय असल्याने तो कर क्वचितच भरला जाई. परिणामी कर भरणारा स्थानिक दुकानदार स्पर्धेत मागे पडे आणि नगरसंस्थेचे उत्पन्नही घटे.

साउथ डकोटा राज्यात व्यक्तिगत प्राप्तिकर नाही. त्यामुळे त्याची भिस्त विक्रीकरावर विशेष आहे. या राज्याने २०१६ साली कायदा करून, राज्यात वर्षाला एक लक्ष डॉलरांहून अधिक विक्री अथवा २०० वा अधिक व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यांवर वसुलीची जबाबदारी टाकली. २१ जून २०१८ रोजी वेफेअर खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जुनी अट रद्द ठरविली. त्यानंतर इतर राज्यांनीही तसे कायदे केले. अनेक छोट्या विक्रेत्यांचा माल एकत्र विकणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांनाच वसुलीस जबाबदार धरल्यामुळे गळती पुष्कळ कमी झाली.

दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप कॅलिफोर्नियात स्पष्ट दिसते. तेथे १९५५ च्या ब्रॅडली-बर्न्स कायद्यान्वये एक टक्का स्थानिक कर सामान्यतः विक्रीच्या स्थळास मिळतो. विक्रेता राज्याबाहेरून मागणी स्वीकारीत असेल, पण माल राज्यातील कोठारातून धाडीत असेल, तर हा हिस्सा कोठाराच्या गावाला जातो. मालही बाहेरूनच आला, तर उपयोगकराची रक्कम काउंटीच्या सामाईक निधीत पडून तेथील संस्थांत प्रमाणशीर वाटली जाते. म्हणजे ग्राहकाची खरेदी तीच, पण माल कोठून निघाला एवढ्यावरून एका गावाचे उत्पन्न वाढते आणि दुसऱ्याचे घटते. साहजिकच कोठारे आकर्षित करण्यासाठी काही नगरे विक्रेत्यांना कराचा अंश परत देण्याचे करार करतात. अशा करारांत एका नगराचा लाभ हा बहुधा दुसऱ्याचा तोटा असतो, आणि सार्वजनिक पैशाचा एक भाग खासगी हाती जातो. याउलट त्याच राज्यातील जिल्हाकर सामान्यतः माल पोहोचण्याच्या स्थळानुसार वाटला जातो.

अलाबामात तिसरा मार्ग दिसतो. तेथील सुलभ योजनेत सामील झालेला दूरस्थ विक्रेता सरसकट आठ टक्के कर भरतो. त्यातील निम्मा राज्याकडे राहतो व उरलेला स्थानिक संस्थांत लोकसंख्येच्या प्रमाणात विभागला जातो. ही रीत सोपी खरी. परंतु जेथे खरेदी अधिक, तेथे उत्पन्न अधिक, हे तत्त्व तीत उरत नाही.

तात्पर्य, ऑनलाइन खरेदीमुळे स्थानिक उत्पन्न बुडाले की वाढले, या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही. वसुली सुधारल्याने एकूण उत्पन्नाला आधार मिळाला. पण ते कोणाच्या पदरी पडावे, हे विक्रीचे स्थळ ठरविणाऱ्या नियमावर अवलंबून आहे. रस्ते, अग्निशमन व पोलीस यांचा खर्च ग्राहकाच्या गावाला चुकत नाही. म्हणून केवळ राज्याच्या एकूण वसुलीचे आकडे पाहून स्थानिक संस्थांच्या स्थितीविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरेल.