कागद कोणाच्या घरचा?

ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागणे आणि विद्यापीठाच्या हस्तलिखित-विभागात बसून जुना कागद काढविणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली रीत अगदी भिन्न आहे. छापील पुस्तके विषयवारीने लागतात. दफ्तर मात्र ज्याने ते निर्माण केले, ज्याने बाळगले किंवा ज्याने हिंडून गोळा केले त्याच्या नावाने, आणि शक्यतो त्याने लावलेल्या क्रमानेच, जतन केले जाते. म्हणून ‘पेशवाईतील पुण्याच्या पाण्यासंबंधी काही आहे काय?’ असे विचारीत येणारा गृहस्थ बहुधा रिक्तहस्ते परततो. आणि कात्रजच्या तलावाचे काम कोणाच्या देखरेखीखाली चाले, त्याचा हिशेब कोणाकडे रुजू होई व त्या घराण्याचे कागद पुढे कोठे गेले, एवढा विचार घरूनच करून येणाऱ्यासमोर निदान शोधण्याजोगा एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, तरी येऊन पडतो.

या रीतीचा उत्तम दाखला पुण्यातच आहे. मुंबई सरकारने १८६६ सालापासून संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांच्या संग्रहाचे काम आरंभिले आणि ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा पंडितांनी गावोगावच्या शास्त्र्यांच्या घरून व जैन भांडारांतून पोथ्या मिळविल्या. हा संग्रह पुष्कळ वर्षे डेक्कन कॉलेजात होता. १९१८ साली तो नव्याने स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. तेथील पोथीचा हवाला देताना आजही आधी अनुक्रमांक आणि मागून संग्रहाचे वर्ष लिहितात. ‘१८७५-७६’ असे वर्ष दिसले की जाणकाराच्या ध्यानात येते की ही पोथी ब्यूलरच्या काश्मीर-यात्रेतली असावी, आणि मग ती भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली निघाली तरी त्याला नवल वाटत नाही. नवख्याला रुक्ष वाटणारा आकडा जाणत्याला पोथीची अर्धी कुळकथा सांगून टाकतो.

त्याच डेक्कन कॉलेजात, ज्याला १९९० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, मराठ्यांच्या इतिहासाचा एक मोलाचा संग्रह आहे. तो मूळचा दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांचा. नाना फडणिसांनी वाईजवळ मेणवलीस वाडा बांधला आणि त्यांच्या खाजगी व दरबारी कागदांचा मोठा भाग तेथे राहिला. तो पारसनिसांच्या हाती आला, त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहालयात गेला, आणि १९३९ साली ते संग्रहालयच पुण्यास डेक्कन कॉलेजात आणले गेले. पुणे दरबारचा कारभारी, कृष्णाकाठचा वाडा, साताऱ्याचा संग्राहक, पुण्याचे महाविद्यालय, एवढा फेरा ज्याला ठाऊक नाही तो नानांचे कागद केवळ सरकारी पेशवे दफ्तरात धुंडाळीत बसेल. तेथेही नानांचे हस्ताक्षर पुष्कळ सापडेल, हे कबूल. परंतु सरकारी दफ्तरात राहिलेला कागद आणि कारभाऱ्याने स्वतःच्या घरी नेऊन ठेवलेला कागद यांचे मोल एकच मानता येत नाही. माझ्या मते तर दुसऱ्या प्रकारचे कागदच अधिक बोलके असतात, कारण ते घरी का नेले हा प्रश्नच मुळी विचार करण्यासारखा असतो.

कागदाचा प्रवास याहून कितीतरी लांबचाही असू शकतो. सवाई माधवरावांच्या अमदानीत पुण्यास इंग्रजांचा वकील असलेला चार्ल्स मॅलेट याने गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या चित्रकाराकडून पुष्कळ चित्रे काढून घेतली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा १७९० साली गंगारामाने काढला तो याच संबंधातून. पुढे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, वेरूळच्या लेण्यांच्या कामी गंगारामाची त्याला मदत झाली, आणि १७९५ साली वेल्स इकडेच वारला. त्याच्या मुलीशी, सुझॅनाशी, मॅलेटने १७९९ साली विवाह केला. आज गंगारामाची चित्रे आणि वेल्सची रोजनिशी अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. पुण्याच्या तांबटाचे चित्र न्यू हेवनला कसे, याचे उत्तर चित्रात शोधून मिळायचे नाही. वकिलाचे दफ्तर, सासऱ्याचा वारसा आणि पुढील संग्राहकांची खरेदी यांचा माग काढला म्हणजे मिळते. त्यांपैकी कित्येक चित्रे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात, ही सोय मागील पिढीतील संशोधकांच्या नशिबी नव्हती.

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी संग्रहाची छापील सूची चाळावी. मुंबई विद्यापीठाच्या अरबी, फार्सी व उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सर्फराज यांनी १९३५ साली, आणि संस्कृत हस्तलिखितांची देवस्थळी यांनी १९४४ साली सिद्ध केली. राजाबाई टॉवरखालच्या त्या भव्य दालनात पाऊल ठेवण्याआधी या सूचींशी परिचय असला तर पुष्कळ वेळ वाचतो. पत्राने अगोदर कळवावे, ओळखपत्र व मार्गदर्शकाचे शिफारसपत्र जवळ ठेवावे. पिशवी बाहेर राहते आणि शाईचे पेन चालत नाही, केवळ शिसपेन्सिल. एका वेळी एकच पुडके मिळते, आणि त्यातील कागद मागेपुढे करावयाचा नसतो. हातमोज्यांचे स्तोम पुष्कळांच्या डोक्यात असते. छायाचित्रांना ते हवेत हे खरे, परंतु जीर्ण कागद स्वच्छ, कोरड्या हातांनीच उलटणे बरे, कारण मोज्यातल्या बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटते.

मोडी पत्र पुढे आले की पहिली अडचण अक्षराची नसून कालाची असते. आरंभी ‘श्री’, मग मायना, मग मजकूर, ‘बहुत काय लिहिणे’, आणि तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे आकडा व मुसलमानी महिना. सालाचा पत्ताच नाही, कारण पत्र वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. सरकारी कागदात साल असते, परंतु ते ‘समान खमसैन मया व अलफ’ असे, म्हणजे आठ, पन्नास, शंभर व हजार मिळून ११५८. हा सुहूर सन मृगाला पालटत असल्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवावे लागतात, म्हणजे १७५७-५८. बिनसाली पत्राला मात्र मजकुरातील मोहीम, मृत्यू, लग्न यांच्या आधाराने साल ठरवावे लागते, आणि शेजारचा कागद कोणता होता हे येथे अतिशय उपयोगी पडते. पुडक्यातला क्रम मोडू नये असा कटाक्ष असतो तो याचसाठी.

छायाचित्र घेण्याची परवानगी निराळी आणि ते छापण्याची निराळी असते, हेही ध्यानात ठेवावे. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची एखादी ट्रंक अद्याप पडून आहे, त्यांनी ती विद्यापीठास देण्याचे मनात आणल्यास आतील पत्रे ‘महत्त्वाची’ व ‘बिनमहत्त्वाची’ अशी निवडीत बसू नये. वाळवी तेवढी पाहावी, कोण कोणाचा कोण हे जाणत्या वडीलधाऱ्यांकडून एका कागदावर लिहवून घ्यावे, आणि ट्रंक आहे तशी पाठवावी. वाण्याच्या उधारीची चोपडीसुद्धा त्यातून काढू नये.