अर्धशिशी : दुखण्याच्या अलीकडे आणि पलीकडे

‘आज डोके धरले आहे’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की ते ऐकून कोणी मान वर करून पाहतही नाही. बाहेर दुकानात गिऱ्हाईक असते, स्वयंपाकघरात पाहुण्यांची तयारी चालू असते आणि आतल्या खोलीत पडदे ओढून कोणीतरी निजलेले असते. बाम चोळला, गोळी घेतली, की घराच्या दृष्टीने विषय संपतो. निजलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशीही संपलेला नसतो.

हा विकार नवा नाही. सुश्रुत आणि चरक या दोन्ही संहितांत ‘अर्धावभेदक’ या नावाने तो येतो. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने त्याला ‘अर्धे मस्तक’ अशा अर्थाचे ‘हेमिक्रेनिया’ हे नाव दिले आणि त्याच शब्दाची झीज होत होत आजचा ‘मायग्रेन’ तयार झाला. पूर्व आणि पश्चिम, दोघांनीही अर्ध्या डोक्याकडे बोट दाखवले. परिणाम असा झाला की सर्वांचे लक्ष दुखण्यावर खिळले आणि त्या काळात माणसाची बुद्धी कशी चालते, हा प्रश्न मागे पडला. व्यापारी कुटुंबाला तर हाच प्रश्न अधिक जवळचा आहे. भाव ठरवणे, उधारी लक्षात ठेवणे, दिलेला शब्द आठवणे, या गोष्टींवरच आपली पेढी उभी असते.

वैद्यकशास्त्र अर्धशिशीच्या झटक्याचे चार टप्पे मानते. सर्वांना चारही येतात असे नाही. पहिला टप्पा प्रत्यक्ष दुखण्याच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधीचा. वारंवार जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते, कारण नसता चिडचिड होते आणि कामात मन लागत नाही. दुसरा टप्पा ‘ऑरा’चा. तो सुमारे चौथाई ते तिसरा हिस्सा रुग्णांना अनुभवास येतो. डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा सरकतात, हाताला मुंग्या येतात, क्वचित ओळखीचा शब्द जिभेवर येत नाही. तिसरा टप्पा डोकेदुखीचा. उपचार न केल्यास तो चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालतो. चौथ्यात दुखणे थांबलेले असते, परंतु दिवसभर अंग गळालेले आणि डोके सुन्न राहते. घरच्यांना दिसतो तो फक्त तिसरा टप्पा.

पहिल्या टप्प्याविषयी २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. रुग्णांना इलेक्ट्रॉनिक रोजनिशी देऊन त्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. दुखण्यापूर्वीच्या लक्षणांत थकवा सर्वांत पुढे होता आणि मन एकाग्र न होणे हे लक्षण साधारण निम्म्या वेळा आढळले. या रुग्णांनी ‘आता डोके दुखणार’ असे जेव्हा नोंदवले, तेव्हा दहापैकी सात वेळा ते खरे ठरले. म्हणजे डोके दुखण्याआधीच बुद्धीचा वेग मंदावतो आणि माणसाला ते आतून कळतही असते. पुढे २०१५ साली पोर्तुगालमधील संशोधकांनी त्याच त्या रुग्णांची झटक्यात आणि झटका नसताना अशी दोनदा परीक्षा घेतली. झटक्यात वाचनाचा वेग कमी भरला आणि ऐकलेले शब्द पुन्हा सांगणे कठीण गेले.

असे का होते, याचा एक धागा मोठ्या मनोरंजक मार्गाने सापडला. कार्ल लॅश्ले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला स्वतःलाच ऑरा येत असे. डोळ्यांपुढचा नागमोडी पट्टा किती वेळात किती सरकतो, हे त्याने कागदावर मांडले आणि मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने पुढे जात असावे, असे गणित १९४१ साली जाहीर केले. त्यानंतर तीनच वर्षांनी आरिस्टिडीस लेआँव या ब्राझीलच्या तरुण शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूवर तशीच हळूहळू पसरत जाणारी लाट नोंदवली. या लाटेच्या मागे पेशींचे काम काही काळ थंडावते. आपल्या व्याधीचाच हिशेब मांडणारा हा माणूस मला फार आवडतो.

हिशेबावरून आठवले. बँकेत ताळेबंद जुळेना की जुने अधिकारी प्रथम फरकाच्या रकमेला नऊने भागत. पूर्ण भाग गेला तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. ५४६० चे ४५६० लिहिले, तर फरक ९०० येतो. माझ्या एका शाखेत अत्यंत कुशल अशा महिला रोखपाल होत्या. महिन्यातून एक-दोनदाच त्यांचा हिशेब चुके आणि फरक बहुधा नऊच्या पटीत निघे. दुपारपासून त्या जांभया देत, चहात साखर वाढवून मागत आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज येई. त्या वेळच्या वरिष्ठांनी यातून ‘निष्काळजी आणि वर रजेखोर’ असा निष्कर्ष काढला व तसा शेराही मारला. पुढे बाईंनी आपल्या डॉक्टरांचे पत्र आणून दिले आणि तसे वाटू लागताच आपणहून रोखीचा गल्ला सोडून टपालाच्या टेबलावर बसण्याची परवानगी घेतली. चुका थांबल्या. शेरा मात्र सेवापुस्तकात तसाच राहिला.

आपल्या घरांत असे शेरे तोंडी मारले जातात. एका परिचित कुटुंबातील सून कापडाच्या दुकानाचे जीएसटीचे सर्व काम पाहते. झटका येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती कामावर बसते, पण एकच बिल तीनदा तपासते, कोणी काही विचारले तर उत्तराला वेळ लावते. सासूबाई म्हणतात, “डोके तर काल राहिले, मग आज हे कसले सोंग?” सोंग मुळीच नसते, तो चौथा टप्पा असतो. स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो, म्हणून असे बोल त्यांच्याच वाट्याला अधिक येतात. जगात साधारण दर सात माणसांत एकाला अर्धशिशी आहे. तरुण स्त्रियांत तर जगण्याची कार्यक्षमता हिरावणाऱ्या आजारांत तिचा क्रमांक अगदी वर लागतो. त्यात भर पडते ती दोन झटक्यांमधील धास्तीची. लग्नाला जायचे कबूल करावे की नाही, प्रवासाचे तिकीट काढावे की नाही, असे मन सतत मागेपुढे होते आणि हळूहळू माणूस कशालाच ‘हो’ म्हणेनासा होतो.

अनेकांना मोठी भीती वाटते ती स्मृतिभ्रंशाची. या बाबतीत दिलासा देणारी माहिती आहे. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा परीक्षा घेणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अर्धशिशी असणाऱ्या स्त्रियांची बुद्धी इतरांपेक्षा वेगाने खालावते, असे त्यात आढळले नाही. झटक्यातील मांद्य त्या त्या वेळेपुरते असते. प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेट या औषधाने मात्र काहींना शब्द आठवण्यास त्रास होतो. तसे वाटल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, पर्याय पुष्कळ आहेत.

गोळ्यांविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. गल्ल्याच्या खणात चिल्लरीशेजारी वेदनाशामक गोळ्यांची पट्टी ठेवण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या वा ट्रिप्टान वर्गातील औषधे दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे. ज्याला महिन्यातून चार-पाच वेळा गोळी लागते, त्याने औषधाच्या दुकानात जाण्याऐवजी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, हातपाय लुळे पडणे, तापासह मान ताठणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी यांना अर्धशिशी समजून घरी थांबू नये.

आता उपवासाचा विषय. वेळेवर न जेवणे, पाणी कमी पडणे आणि झोप मोडणे ही अर्धशिशीला चेतवणारी नेहमीची कारणे आहेत. ज्यू समाजात योम किप्पूरच्या दिवशी सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य असते. इस्रायलमधील संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उपवास करणाऱ्यांपैकी दर शंभरात ३९ जणांना डोकेदुखी झाली, न करणाऱ्यांत केवळ ७ जणांना. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात आपल्याकडे वेगळे काही घडत असेल, असे मानण्याचे कारण नाही. सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ असा शब्द आहे, त्यातील ‘शक्तितः’ या पदाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. ज्यांना हा विकार आहे, त्यांनी पच्चक्खाण घेण्याआधी महाराजसाहेबांना तो मोकळेपणाने सांगावा. चौविहार उपवासाऐवजी पाण्याची सूट असलेला तिविहार, किंवा एकासणे, असा मार्ग ते दाखवू शकतात. चहाची सवय असणाऱ्यांनी चहा आठवडाभर आधीपासून थोडा थोडा कमी करत आणावा, कारण तो एकदम तुटल्यानेही डोके चढते.

दुकानात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. रोजमेळाशेजारी एक लहान वही ठेवावी आणि तीत झोप, जेवणाची वेळ, पाळीची तारीख, घेतलेली गोळी व दुखण्याचा काळ एवढेच मांडावे. तीन महिन्यांत स्वतःची पूर्वलक्षणे ओळखू येतात आणि डॉक्टरांनाही ती वही कोणत्याही तपासणीपेक्षा अधिक सांगते. पूर्वलक्षणे दिसताच मोठ्या रकमेचे धनादेश, नवी उधारी, भावाचा करार पुढच्या दिवसावर ढकलावा, अथवा घरातील दुसऱ्या व्यक्तीची सही सोबत घ्यावी. गोळी घ्यायची असेल तर दुखणे चढण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच, परंतु वर सांगितलेल्या दिवसांच्या मर्यादेत घ्यावी. अगरबत्ती आणि उग्र अत्तर गल्ल्यापासून दूर ठेवावे, लुकलुकणारी ट्यूब त्याच दिवशी बदलावी. झटक्यानंतरच्या दिवशी त्या माणसाला माल लावणे, पार्सले बांधणे अशी हातांची कामे द्यावीत. हिशेब परवा तपासला तरी चालतो.