‘स्वराज्य’ शब्दाच्या अर्थाची कसोटी : सोलापूर, १९३०

राजकीय परिभाषेतील शब्दांचा अर्थ बहुधा व्यवहारात ठरतो आणि कोशकार तो मागाहून नोंदवितो. क्वचित मात्र उलट क्रम आढळतो. एखादी संस्था ठरावाने शब्दाचा अर्थ निश्चित करते आणि तो अर्थ पेलण्याची जबाबदारी व्यवहारावर येऊन पडते. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनाने आपल्या घटनेतील ‘स्वराज्य’ या शब्दाचा अर्थ ‘पूर्ण स्वातंत्र्य’ असाच समजावा, असा ठराव केला. पुढील वर्षभरात या अर्थाची कसोटी ज्या गावांत लागली त्यांत सोलापूरचे स्थान विशेष आहे. त्या वर्षाचा शब्दार्थाच्या अंगाने विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दाची पूर्वपीठिका पाहू. ‘स्वराज्य’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना असला तरी मराठीत त्याला एक विशिष्ट राजकीय अर्थ होता. मराठेशाहीच्या कारभारात ‘स्वराज्य’ म्हणजे प्रत्यक्ष आपल्या अमलाखालील मुलूख. १७१९ साली दिल्लीहून मिळालेल्या सनदांत चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या बरोबरीने ‘स्वराज्य’ येते ते याच अर्थाने. १९०६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजी यांनी तो शब्द राष्ट्रसभेच्या व्यासपीठावरून उच्चारला, तेव्हा त्याचा आशय साम्राज्यातील वसाहतींना असलेल्या स्वयंशासनापर्यंतच पोहोचत होता. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी ‘होमरूल’ या कल्पनेसाठी हाच शब्द योजिला. त्याच वर्षी त्यांच्या भाषणांवरून झालेल्या कारवाईत मुंबई उच्च न्यायालयाने ती भाषणे राजद्रोहात्मक ठरविली नाहीत. १९२० च्या नागपूर अधिवेशनात ‘स्वराज्य’ हे ध्येय म्हणून स्वीकारले गेले, परंतु त्याची व्याख्या जाणूनबुजून मोकळी ठेवण्यात आली. सारांश, १९२९ पर्यंत हा शब्द लवचीक होता व त्या लवचीकपणातच त्याची सोय होती. लाहोरच्या ठरावाने ती सोय संपविली.

सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा तेथील पेठांतून नित्य कानी पडत. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली. ६ एप्रिल रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारण्यात आला. मे महिन्याच्या प्रारंभी महात्मा गांधींना अटक झाल्याची वार्ता येताच गावातील वातावरण तापले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या प्रसंगावरून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण मरण पावला, पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत आगीच्या भक्ष्यस्थानी पडली आणि पोलिसांपैकीही काहींचे प्राण गेले. यानंतर शासनयंत्रणा गावातून मागे हटली. ९ ते ११ मे या तीन दिवसांत रहदारी व शांतता राखण्याचे काम राष्ट्रसभेच्या स्वयंसेवकांनी केले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत टिकला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते हे तीन दिवस; कारण त्यांना दोन नावे मिळाली. शासनाच्या लेखी ते अराजक होते. लोकांच्या स्मरणात ते ‘स्वराज्य’ म्हणून राहिले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्द ‘राजन्’ या एकाच मूळाशी जातात. भेद आहे तो आरंभीच्या ‘अ’ आणि ‘स्व’ यांचा. राज्य कोणाचे, या प्रश्नाला एक शब्द ‘कोणाचेच नाही’ असे उत्तर देतो व दुसरा ‘आमचे’ असे. घटना तीच असता केवळ आद्य घटकाच्या फरकाने तिचा न्याय पालटतो. हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. लष्करी कायद्याचे समर्थन अराजक मानण्यावरच अवलंबून असते. ‘स्वराज्य’ मान्य केले तर त्याचा आधारच नाहीसा होतो. त्या कायद्याखाली राष्ट्रध्वज मिरविणे हा गुन्हा ठरला आणि डोक्यावरील गांधी टोपीही सुरक्षित राहिली नाही. शब्दाचा एक अर्थ दडपावयाचा तर त्याची चिन्हेही दडपावी लागतात, हेच यावरून दिसते.

तथापि लोकस्मृतीतील शब्दही तपासून घेतला पाहिजे. ८ मे रोजीच्या हिंसेला ‘स्वराज्य’ म्हणता येणार नाही. पुढील तीन दिवसांतही करवसुली, न्यायदान किंवा विधिनियम असे राज्यसंस्थेचे कोणतेही अंग उभे राहिले नव्हते. मग उरले काय? उरली ती व्यवस्था : वरून आज्ञा नसता चौकाचौकांत माणसांनी स्वेच्छेने राखलेली शिस्त. म्हणून या एका वर्षात सोलापुरात ‘स्वराज्य’ शब्दाच्या दोन छटा वेगळ्या करता येतात. ६ एप्रिलचे स्वराज्य एका विधिवत् संस्थेने केलेली घोषणा होती. ९ ते ११ मेचे स्वराज्य संस्थेविना घडलेला आचार होता. पहिल्यात अधिकार होता, पण सत्ता नव्हती. दुसऱ्यात सत्तेचा आभास होता, पण अधिकार कोणी दिलेला नव्हता. पूर्ण स्वातंत्र्य या अर्थाला दोहोंचा संयोग आवश्यक होता आणि तो १९३० मध्ये शक्य नव्हता.

या अर्थाची किंमत चार व्यक्तींनी चुकविली. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. ही चार नावे शेजारी ठेवली असता गावाचे बहुभाषिक व बहुधर्मी रूप वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्यासाठी रूढ झालेला ‘हुतात्मा’ हा शब्द आज सोलापूर–पुणे मार्गावरील आगगाडीच्या नावातही ऐकू येतो.

२६ जानेवारी १९५० पासून प्रतिज्ञेचा दिवस प्रजासत्ताक दिन झाला आणि ‘स्वराज्य’ शब्दाने राष्ट्रीय अर्थक्षेत्र ‘स्वातंत्र्य’ व ‘प्रजासत्ताक’ यांच्या स्वाधीन केले. प्रशासकीय मराठीत तो मुख्यतः ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या पदबंधात उरला. भाषाभ्यासक याला अर्थसंकोच म्हणेल. परंतु ज्या नगरपालिकेने ध्वज उभारला ती, आणि १९६४ साली तिच्या जागी आलेली महानगरपालिका, या दोन्ही याच पदबंधाखाली येतात. शब्द आकुंचित झाला खरा. पण तो उतरला तो नागरिकाच्या सर्वांत निकटच्या संस्थेवर. रस्ता, पाणी आणि स्वच्छता यांच्या कारभारात ‘स्व’ कितपत उरला आहे, हे पाहणे म्हणजे १९३० ची कसोटी पुढे चालविणेच होय.