विक्री स्पर्धा: सळई आणि बियाणे

विक्री प्रतिनिधींनी ठरलेल्या मुदतीत ठरलेला पल्ला गाठावा म्हणून बक्षीस लावणे म्हणजे विक्री स्पर्धा. जालन्याचे उदाहरण घेऊ: तिथल्या एमआयडीसीची ओळख लोखंडी सळईची. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केल्यापासून जालना बियाण्यांसाठीही ओळखले जाते. दोन्ही माल दुकानदारांमार्फत खपतो, पण स्पर्धेचे माप एकच चालत नाही.

सळई टनावर विकली जाते आणि तिचे भाव सारखे हलतात. केवळ टनांवर बक्षीस ठेवले, तर महिनाअखेरीस उधारीवर माल ढकलला जातो आणि वसुली रखडते. इथे गुण वसूल झालेल्या रकमेवर द्यावेत.

बियाण्यात धोका अधिक. कपाशीची विक्री मुख्यतः जूनच्या पेरणीभोवती आटोपते आणि न खपलेली पाकिटे बहुधा कंपनीकडे परत येतात. मे महिन्यात दुकाने भरणारा विजेता ठरला, तर परतीचा भार कंपनीवरच पडतो. म्हणून निकाल हंगाम संपल्यावर, परत आलेला माल वजा करूनच लावावा.

पहिल्या क्रमांकालाच बक्षीस असले की मागे पडलेले लवकर हात आखडता घेतात. प्रत्येकाची तुलना त्याच्याच गेल्या हंगामाशी केली, तर कमी पावसाच्या तालुक्यातील प्रतिनिधीलाही संधी राहते.